इशाऱ्यांचा शीण

बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत उन्मादाच्या रोग्यास लिथियम देतात. त्यासोबत आयबुप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडणे मंदावते व रक्तातील त्याचे प्रमाण विषारी होऊ शकते. औषधे लिहिण्याच्या संगणकाने अशा वेळी डॉक्टरांस अडवावे, हे योग्यच. परंतु क्षुल्लक बाबींसाठीही तो पदोपदी अडवू लागला, म्हणजे इशारे न वाचताच बाजूस सारले जातात. लिथियमचा इशाराही त्याच ओघात जातो. २००६ सालच्या एका आढाव्यात शेकडा ४९ ते ९६ इशारे डावलले गेल्याचे आढळले. बोस्टन परिसरातील दवाखान्यांनी निराळी वाट धरली. त्याच वर्षीच्या अहवालानुसार तेथे शेकडा ७१ इशारे काम न अडविता पडद्यावर नुसते दाखविण्यात आले. जे थोडे अडविणारे उरले, त्यांपैकी शेकडा ६७ मानले गेले.