वर्षांची रांग, महिन्यांची फाइल

अंबरपेठ, हैदराबाद



अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी थांबणे दोन प्रकारचे असते. एक कायद्याने ठरवलेल्या कोट्यामुळे येते. ते वर्षांत मोजतात आणि अर्जदाराने काहीही केले तरी ते कमी होत नाही. दुसरे कचेरीतल्या फाइलीमुळे येते. ते महिन्यांत मोजतात आणि त्यातला बराचसा भाग अर्जदाराच्याच कागदांतून निपजतो. हैदराबादेतल्या मराठी घरांतून गेलेली अनेक मुले एकाच वेळी या दोन्हींत अडकलेली असतात. त्यांची गल्लत झाली की माणूस जिथे हातपाय हलवायला हवेत तिथे नशिबावर हवाला ठेवतो आणि जिथे हातात काहीच नाही तिथे रात्र रात्र जागतो.

कोट्याचे गणित तसे सोपे आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे द्यायची, हे १९९० च्या कायद्याने ठरले. कोणत्याही एका देशाला साधारणपणे त्यातली सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, मग तो देश आइसलंड असो की भारत. उच्चशिक्षित इंजिनिअर मंडळी ज्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ईबी-२ मध्ये मोडतात, तिच्या वाट्याला सुमारे ४०,००० कार्डे येतात. त्याचे सात टक्के म्हणजे जेमतेम २,८००. यात अर्जदाराची बायको आणि मुलेही धरली जातात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला चार कार्डे लागतात. इतरांनी न वापरलेली कार्डे उरली तर ती भारतीयांकडे वळतात, म्हणून एखाद्या वर्षी रांग पळते आणि पुढच्या वर्षी जागची हलत नाही. अर्जदाराचा रांगेतला नंबर म्हणजे त्याची प्रायॉरिटी डेट, आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना बोलावले आहे हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापते.

ही तारीख पुढेच जाईल याची हमी कुणी देत नाही. कोविडच्या काळात कुटुंबांसाठी राखलेली हजारो कार्डे पडून राहिली आणि २०२१-२२ च्या आर्थिक वर्षात ती नोकरीवाल्यांकडे आली. त्या वर्षीचा आकडा २,८१,००० च्या वर गेला. सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरात नवे आर्थिक वर्ष लागले, जादा कार्डे संपली आणि तारीख १ एप्रिल २०१२ वर आली. डिसेंबरात ती ८ ऑक्टोबर २०११ झाली. ज्यांची तारीख २०१३ मधली होती त्यांच्यापैकी काहींनी तोवर घर बदलण्याची, आईवडिलांना बोलावण्याची, नोकरी सोडण्याची तयारी केलेली होती. बुलेटिनच्या भरवशावर घरातला एकही मोठा निर्णय टांगून ठेवू नये, ते याचसाठी.

उलट प्रकारही एकदा घडला. जून २००७ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केले की जुलैत बहुतेक सगळ्या नोकरी-श्रेणी खुल्या राहतील. लोकांनी धावपळ करून कागद जमवले, आणि २ जुलैला ती घोषणा मागे घेतली गेली. तेव्हा तिथल्या भारतीयांनी आदल्या वर्षीच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’चा कित्ता गिरवत १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. प्रमुखांनी ती फुले लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे रवाना केली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. गांधीगिरीची ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. कोर्टात जाण्याची तयारी आणि काँग्रेस सदस्यांचा दबावही तितकाच कामी आला होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. अर्जदाराने ध्यानात ठेवावे ते वेगळेच. त्या चार आठवड्यांत ज्यांचे जन्मदाखले तयार होते त्यांचे अर्ज आत गेले. त्यांना ग्रीन कार्ड मिळायला पुढे वर्षे लागली, पण काम करण्याचा परवाना आणि नोकरी बदलण्याची मोकळीक काही महिन्यांतच मिळाली.

कोट्याची रांग ही काही नवी तऱ्हा नव्हे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वच नाकारले होते. १९४६ च्या कायद्याने ते दार उघडले तेव्हा भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसे. आणि खुद्द निजामाच्या हैदराबादेत सरकारी नोकरीसाठी बाहेरून आलेल्याला ‘मुल्की’, म्हणजे स्थानिक, ठरायला १५ वर्षे राहावे लागे, शिवाय परत न जाण्याचा इरादा लिहून द्यावा लागे.

आता फाइलीचे थांबणे. इथे मराठी हैदराबादकराची एक खास अडचण आहे, आणि ती नावाची आहे. मराठी रीतीने नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, मग आडनाव. इथल्या शाळांच्या रजिस्टरात तेलुगू रीतीने आडनाव आधी, तेही पुष्कळदा नुसते आद्याक्षर. त्यामुळे दहावीच्या मेमोवर (गुणपत्रिकेवर) एक नाव, डिग्रीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. बायकांच्या बाबतीत त्यात लग्नाची भर. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले जाते, पेढे वाटले जातात, आणि पुढची चाळीस वर्षे घरात तेच नाव चालते. पण मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव असते आणि तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर सासरचे. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. तो आणखी पुरावा मागतो आणि फाइल काही महिने बाजूला पडते.

वडीलधाऱ्यांच्या कागदांत तर त्याहून मोठा घोळ असतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. तो १ एप्रिल १९७० पासून अनेक राज्यांत लागू झाला. त्याआधी, निजामाच्या अमलात, मराठवाड्यातल्या खेड्यात जन्मलेल्याची नोंद असलीच तर उर्दूत आणि फसली सनात. फसलीत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येते, पण महिना चुकतो, वर्षही एखाद्याने मागेपुढे होते. हेडमास्तरांनी शाळेत घालताना सोयीने १ जून लिहिलेली माणसे तर घरोघरी सापडतील. जन्मदाखला नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढावा, त्याला शाळेचा दाखला जोडावा, आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवावीत. हे नातेवाईक हयात असताना करावयाचे काम आहे. आपली तारीख लागेल तेव्हा पाहू म्हणणाऱ्याला पुढे सही करायला आत्या उरत नाही.

हैदराबादेत जन्मलेल्यांचे काम तुलनेने सोपे: जीएचएमसीचा, म्हणजे महापालिकेचा, दाखला सरकारी मीसेवा केंद्रातून निघतो. पण त्यावर मुलाचे नाव आहे की नाही हे आधी पाहावे. बारशाआधी नोंद झाली असेल तर नावाची जागा कोरी असते.

या दोन्ही थांबण्यांतला फरक एकाच घरात स्पष्ट दिसतो. अमेरिकन नागरिक झालेल्या, २१ वर्षांवरच्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज केला तर त्यांना कोटा लागू नाही. तिथे फक्त फाइल चालायची असते. तोच मुलगा भावासाठी अर्ज करतो तेव्हा भाऊ एफ-४ च्या रांगेत जातो, आणि २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतीय भावंडांची तारीख २००६ मध्ये होती. अंबरपेठेत राहणाऱ्या पन्नाशीच्या भावाने या अर्जाकडे मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून पाहू नये. तारीख लागेपर्यंत मुलांची लग्ने होऊन जातील आणि लग्न झालेले मूल या अर्जातून बाहेर पडते.

मुलांच्या वयाचा प्रश्न नोकरीवाल्यांनाही आहे, आणि तो सगळ्यांत कठोर आहे. मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जावरून त्याचे नाव जाते. २००२ च्या कायद्याने आय-१४०, म्हणजे मालकाने भरलेला मूळ अर्ज, तपासणीत पडून होता तितके दिवस त्याच्या वयातून वजा करता येतात, पण वय बुलेटिनमधल्या कुठल्या तक्त्यावरच्या तारखेला मोजायचे हे २०२३ मध्ये एकदा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा बदलले. मूल सोळा-सतरा वर्षांचे होताच वकिलाकडून हिशेब करून घ्यावा आणि त्याच्या स्वतंत्र विद्यार्थी व्हिसाचा खर्च घरच्या अंदाजपत्रकात धरावा. लहानपणापासून तिथेच वाढलेल्या मुलाला परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करायला लावणारा हा नियम कुणालाही न्याय्य वाटणार नाही. तो बदलेपर्यंत हिशेब करण्याला पर्याय नाही.

रांग हातात नसली तरी काही तारखा पूर्णपणे अर्जदाराच्या हातात असतात आणि चुकतात त्याच. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचे असते. भारतीय पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर विमानतळावर मुक्कामाची मुदतही तेवढीच तोडून देतात, पण परत आल्यावर प्रवेशाची नोंद न पाहिल्यामुळे बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज टाकताच काम करण्याच्या परवान्याची मुदत आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या बहुतेक अर्जांना ती सवलत नाही, म्हणून सहा महिने आधीच अर्ज टाकावा. नोकरी गेली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. आय-१४० मंजूर झाला असेल तर नोकरीचा एच-१बी व्हिसा सहा वर्षांपुढेही वाढतो आणि मालक बदलला तरी जुनी प्रायॉरिटी डेट साधारणपणे टिकते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण नकोशा नोकरीला वर्षानुवर्षे चिकटून बसतात.

थांबण्याचा खरा ताण मात्र घरी येण्या-जाण्यात असतो. २००९ पर्यंत हैदराबादकरांना व्हिसासाठी चेन्नई गाठावी लागे. मग बेगमपेठेतल्या पायगा पॅलेसमध्ये मुलाखती सुरू झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये कॉन्सुलेट नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेले. अंतर कमी झाले, अनिश्चितता तशीच राहिली. मुलाखतीनंतर तपासणी बाकी असल्याची २२१-जीची चिठ्ठी हाती आली की पासपोर्ट किती दिवस अडकेल ते सांगता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर समाजमाध्यमांच्या तपासणीमुळे भारतातल्या अनेक एच-१बी मुलाखती थेट पुढच्या मार्चवर ढकलल्या गेल्या आणि पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले लोक इथेच राहिले. म्हणून पासपोर्टवर नव्या व्हिसाचे स्टॅम्पिंग लागणार असेल तर लग्नकार्याला यायचे की नाही याचा विचार तिकिटाआधी मालकाशी बोलून करावा. आईवडिलांच्या दुखण्याला मात्र हा हिशेब लावू नये. ज्यांनी व्हिसा अडकेल म्हणून येणे टाळले त्यांच्याकडे पुढे कार्ड आले, पण शेवटची भेट राहिली ती राहिलीच.

व्हिसासाठी चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलण्याची आणि काम झाल्यावर १०८ घालण्याची चाल हैदराबादेत सर्वांना ठाऊक आहे. त्यात वाईट काही नाही. आईला घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथे बरे वाटते. ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला मात्र दारात उभे करू नये. चौकशीचे खरे मार्ग उघडे आहेत: खात्याने जाहीर केलेला सर्वसाधारण कालावधी उलटला की रीतसर विचारणा, मग आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याच्या कचेरीत अर्ज, आणि शेवटी कोर्ट. त्याआधी आठवड्याला पाठवलेल्या पत्रांनी काहीही हलत नाही.

ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज टाकता येतो, तोही ९० दिवस आधीपासून. पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथे राहिलेले असावे लागते आणि एका खेपेस सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले तर सलग वास्तव्य सिद्ध करावे लागते. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर तिथल्या फेडरल जिल्हा न्यायालयात जाण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

शपथ घेतली की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करून त्यागपत्राचा दाखला घ्यावा, मगच ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळते. ही कार्डे पहिल्यांदा जानेवारी २००६ मध्ये हैदराबादेतल्याच प्रवासी भारतीय दिवसाला वाटली गेली होती. ओसीआयधारकाला मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते, पण विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. नांदेड-परभणीकडे ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावरचे नाव आणि कार्डावरचे नाव एकच आहे ना, हे वाटणीआधी पाहून घ्यावे. नाहीतर हीच सगळी प्रतिज्ञापत्रे पुन्हा तलाठ्यासमोर मांडावी लागतात.



— मामा