अस्थींवरून लिंगनिश्चिती : जुन्या गोव्यातील एक उदाहरण

पेडणे वा डिचोलीच्या रानात सांगाडा सापडला, तर आपण प्रथम श्रोणी पाहतो. जघनास्थींखालचा कोन रुंद असल्यास बहुधा स्त्री, अरुंद असल्यास पुरुष. पण श्रोणीच नसेल तर?

२००४ साली जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांत हाताचे एक लांब हाड मिळाले. ते १६२४ मध्ये शिराझ येथे हुतात्मा झालेल्या जॉर्जियाच्या राणी केटेवान यांचे असावे, असा तर्क होता. हैदराबादच्या सीसीएमबीने अमेलोजेनिन जनुक तपासून ते स्त्रीचे ठरविले. (जीर्ण अस्थीत वाय गुणसूत्राची खूण नष्टही झालेली असू शकते, हे वैद्यकांनी विसरू नये.) म्हणूनच मातृवंशीय डीएनएची साक्ष मोलाची ठरली. त्याचा यू१बी गट भारतात आढळला नव्हता. जॉर्जियात मात्र होता. २०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला.