स्वतःची वही

पोरी, सोमवारी तू हिंजवडीला रुजू होशील. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा येईल, त्यावर एक क्रमांक असेल, आणि रजेपासून पगारापर्यंत सगळं त्या क्रमांकावर चालेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लाखांनी माणसं असलेल्या कंपनीला प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवणं जमत नाही, ती नोंदी ठेवते. अशाच एका कंपनीत मी चोवीस वर्षं काढली. तिथून तुझ्यासाठी आणलेली शिकवण एवढीच, की कंपनीच्या नोंदीला लागून आपली स्वतःची नोंद असावी. म्हणून एक वही कर.

मी २००१ साली लागले तेव्हा हिंजवडीत फेज वनच्या पुढे भाताची खाचरं होती. पहिल्या वर्षी वही नव्हती. अप्रेझलला बसले आणि मॅनेजरने विचारलं, ‘वर्षभरात काय केलंस?’ मी म्हटलं, ‘खूप काम केलं.’ तो शांतपणे म्हणाला, ‘म्हणजे नेमकं काय?’ मला चार वाक्यं सुचेनात. रात्री चालणारा एक बॅच जॉब सकाळी आठपर्यंत रेंगाळायचा, तो मी खपून पहाटे तीनला संपेल असा केला होता. पण ते जूनमधलं काम, आणि आम्ही बसलो होतो मार्चमध्ये. माझ्याच डोक्यातून गेलं होतं, त्याच्या कुठून राहणार?

रेटिंग कसं ठरतं ते नीट समजून घे. तुझा मॅनेजर एकटा ते ठरवत नाही. वरचं रेटिंग किती जणांना द्यायचं याचं प्रमाण आधीच वरून आलेलं असतं. मग सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसासाठी भांडतात. त्या खोलीत तू नसतेस. तिथे त्याच्या हातात तुझ्या कामाच्या पाच ठोस ओळी असल्या तर तो भांडू शकतो, नाहीतर चांगला माणूससुद्धा गप्प बसतो. म्हणून दर शुक्रवारी टाइमशीट भरलीस की लगेच वही उघड. काय केलं, कोणी सांगितलं, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, क्लायंटकडून कोणी आभार मानले, त्याची तारीख. दहा मिनिटं पुरतात. फक्त क्लायंटचा कोड, डेटा, पासवर्ड यातलं काहीही वहीत उतरवायचं नाही, आणि कंपनीची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही. ‘घरी बसून बघू’ एवढ्या साध्या हेतूने फाइल पाठवणाऱ्या चांगल्या मुलांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

तोंडी काही ठरलं, की अर्ध्या तासात मेल टाक: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे मी हे हे करते आहे, काही राहिलं असेल तर सांगा.’ यात अविश्वास नसतो. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो आणि नव्या माणसाला जुना शब्द माहीत नसतो.

आता बेंच. याची भीती तुला कॉलेजातच घातली गेली असेल. आपल्या धंद्यात क्लायंट माणसाच्या तासांचे पैसे देतो. ज्याच्या तासांचं बिल निघतं तो बिलेबल. प्रोजेक्ट संपला की बिल थांबतं, पगार चालू राहतो, तो काळ म्हणजे बेंच. २००८च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पुढच्या जानेवारीत आमचा अख्खा प्रोजेक्ट बंद झाला. मी पाच महिने बेंचवर होते. जागा काढून घेतली होती, म्हणून लॅपटॉप घेऊन कँटीनच्या खिडकीपाशी बसायचे. कालपर्यंत सोबत चहा घेणारी माणसं नजर टाळून जायची. त्यांच्या मनात वाईट नसायचं, काय बोलावं ते त्यांनाही कळत नसायचं. संध्याकाळी बसमध्ये बसलं की दिवसभर काहीच न करता अंग मोडून यायचं. हे सगळं तुझ्या वाट्याला आलं तर ती तुझी लायकी समजू नकोस. तो मागणीचा हिशोब आहे.

पण हात बांधून बसायचं नाही. माझी चूक अशी, की पहिले तीन आठवडे मी कंपनीच्या पोर्टलवर नाव टाकून वाट बघत बसले. प्रोजेक्टना माणसं वाटणारी जी टीम असते, तिच्यासमोर तुझ्यासारखी हजारो नावं असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना जाऊन भेट, मग दर आठवड्याला भेट. जुन्या लीडना फोन कर. एकच काहीतरी शिकायला घे आणि परीक्षा देऊन पुरं कर, पाच गोष्टी अर्धवट नकोत. आणि मिळेल तो प्रोजेक्ट घ्यायच्या आधी एक प्रश्न विचार: इथे दोन वर्षं काढल्यावर मला पुढे कोण घेईल? मरायला टेकलेल्या तंत्रज्ञानावर नुसता सपोर्ट करायचा असेल तर बाहेर पडायची तारीख आत शिरतानाच बोलून ठेव.

मला बेंचवरून काढलं ते एका जुन्या लीडने. दोन वर्षांपूर्वी त्याची टीम सोडताना मी जागेवर येणाऱ्या मुलाला तीन आठवडे बसवून शिकवलं होतं, प्रत्येक जॉब कुठे अडतो ते लिहून दिलं होतं. त्याला ते आठवत होतं. जाताना केटी, म्हणजे कामाची माहिती पुढच्याला नीट देणं, हे आपल्या कामातलं सगळ्यात कमी कौतुक होणारं आणि सगळ्यात लांबवर पुरणारं काम आहे.

चुका होतील. २००४मध्ये, रात्री साडेअकराला, टेस्टसाठी लिहिलेली स्क्रिप्ट मी प्रोडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू यंत्रणेवर, चालवली. स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या शेजारी होत्या, दिसायला अगदी सारख्या. एंटर दाबल्यावर वर मशीनचं नाव दिसलं आणि हात गार पडले. चार हजारांवर ओळी उडाल्या होत्या. मी पाचव्या मिनिटाला लीडला फोन केला. त्याने फक्त विचारलं, ‘कधीपासून? काय थांबवलंस?’ बॅकअपवरून पहाटेपर्यंत सगळं परत आलं. क्लायंटला सकाळी आम्हीच कळवलं. तासभर लपवलं असतं तर बॅकअपनंतरचे व्यवहार त्यात मिसळले असते आणि ते निस्तरायला आठवडे गेले असते. तेव्हापासून प्रोडक्शनच्या खिडकीला मी लाल रंग दिला, आणि एंटरच्या आधी मशीनचं नाव ओठ हलवून वाचायचे. तूही तसंच कर. चूक कळवताना चारच गोष्टी सांग: काय झालं, केव्हा झालं, मी काय थांबवलं, मला कोणाची मदत हवी. रडणं, माफी, कारणं हे सगळं नंतर. आणि हेही वहीत लिही, कारण ती चूक पुन्हा न होण्यासाठी तू काय बदललंस हेसुद्धा तुझं कामच आहे.

वेळेचं सांगते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं सरकतात. आपली सरकत नाहीत. रात्री साडेआठचा कॉल नोव्हेंबरात आपोआप साडेनऊचा होतो आणि घरी जेवायला बसलेली माणसं ताटकळतात. ती वेळ यायच्या आधीच, ऑक्टोबरात टीममध्ये विषय काढ: आठवड्यातले दोन दिवस कॉल दुसऱ्याने घ्यावा. आधी बोललं तर माणसं ऐकतात. रात्रीच्या कॅबमध्ये शेवटचा थांबा तुझा असेल तर सुरक्षारक्षक बसल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, कितीही उशीर झालेला असो. आणि कोणी वेडंवाकडं वागलं तर त्याच रात्री तारीख, वेळ, शब्द वहीत उतरव. २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असते आणि तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते. मला त्याच रात्री फोन कर, अडीच वाजले असले तरी.

पैशाचं थोडक्यात. ऑफर लेटरवरचा वर्षाचा आकडा बाराने भागून माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, सांगू नकोस. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, विम्याचा हप्ता असतो, बदलता पगार असतो. हातात येईल ते पहिल्या स्लिपवर कळेल. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दाखवतात, पण कायम नोकरीत ती पाच वर्षं पुरी झाल्यावरच मिळते. महाराष्ट्रात बाईमाणसाला महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर लागत नाही, तेव्हा तो कापला असेल तर विचार. नोकरी बदलताना पीएफ काढून खर्च करू नकोस, पुढच्या कंपनीकडे वळव. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर करही बसतो. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीसोबत जातो. दादाला साखर आहे. त्याच्या नावाची वेगळी पॉलिसी आत्ताच घ्यायची, कारण आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पहिल्या वर्षी हप्त्याला मी हातभार लावते.

पगाराची स्लिप दर महिन्याला उतरवून घे, फॉर्म सोळा, बढतीची पत्रं, सगळं. ही कागदपत्रं तुझी स्वतःची आहेत, ती घरी ठेवायला कोणाची ना नसते. नोकरी सोडायच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप परत जातो, लॉगिन बंद होतं, आणि मग पुढची कंपनी तीन वर्षांपूर्वीची स्लिप मागते. राजीनाम्यानंतर बहुतेक ठिकाणी नव्वद दिवस काढावे लागतात. ते दिवस वाईट तोंडाने काढू नकोस, रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय तुझं तिथलं काम संपलेलं नसतं.

ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटकडे अमेरिकेत, जायला मिळालं तर जरूर जा. एवढं मात्र पक्कं ठेव, की एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर फार तर साठ दिवस मिळतात. तेवढे दिवस आणि परतीचं तिकीट भागेल इतकी रक्कम तिकडच्या खात्यात वेगळी ठेवायची आणि फर्निचरसाठी तिला हात लावायचा नाही.

सोमवारी मूळ गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार आणि झेरॉक्सचे दोन संच घे. मूळ कागद दाखवून लगेच परत मागायचे. वहिनीपाशी एक दोनशे पानी वही देऊन ठेवली आहे, निळ्या पुठ्ठ्याची. पगार सुरू झाला की पीएफचा बारा आकडी क्रमांक, यूएएन, मिळेल, तो पहिल्या पानावर वर लिही आणि खाली रुजू झाल्याची तारीख. शुक्रवारी रात्री फोन कर, पहिल्या आठवड्याचं पान मला वाचून दाखव.