दूरचे सोबती

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात मिठबाव नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. तेथे वाळूचा विस्तीर्ण किनारा असून समुद्रालगतच्या खडकाळ उंचवट्यावर गजबादेवीचे मंदिर उभे आहे. या बाजूची पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस राहतात. गणपतीला आणि शिमग्याला ती गावी येतात; एरवी गाव त्यांच्या मनातच वसत असते.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास एके दिवशी सकाळी नऊ वाजता मी या किनाऱ्यावर फिरावयास गेलो होतो. तेथे माझा एक जुना विद्यार्थी दिसला. हातातील काठीच्या टोकाला मोबाइल अडकवून तो एकटाच मोठ्याने बोलत चालला होता. मला पाहताच त्याने नमस्कार केला व हसून म्हटले, "गुरुजी, मी एकटा नाही. या घटकेला सत्तर माणसे माझ्याबरोबर चालत आहेत."

तो किनाऱ्याचे थेट प्रक्षेपण करीत होता. त्याला दिसणारा समुद्र डोंबिवलीच्या चाळीतील एका आजींना दिसत होता, आणि दुबईत नोकरी करणाऱ्या तरुणालाही दिसत होता. ती माणसे आपले बोलणे लिहून पाठवीत. ते त्याच्या मोबाइलच्या काचेवर उमटे आणि तो चालता चालता उत्तर देई.

दूरचे दृश्य घरबसल्या अनुभवण्याची हौस नवी नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. पुढे बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटच्या सामन्यांचे मराठीतून धावते वर्णन केले आणि घरोघरीच्या श्रोत्यांपुढे मैदान उभे राहिले. परंतु श्रोत्याला त्यांना मध्येच काही विचारता येत नसे. २००७ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात जस्टिन कान या तरुणाने टोपीला कॅमेरा लावून आपला दिनक्रम थेट दाखविण्यास आरंभ केला. पाहणारे लोक त्याच वेळी लिहून संभाषणही करीत. आता हे साधन खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हाती आले आहे.

या संभाषणाचे मोल मला त्या दिवशी समजले. वाळूवर पसरलेल्या एका वेलीला जांभळी फुले आली होती. आजींनी विचारले, "बाळा, त्या वेलीला काय म्हणतात रे? नाव ओठांवर आहे, पण आठवत नाही." माझा विद्यार्थी गोंधळला. जन्मापासून तो ती वेल तुडवीत आला होता. तिचे नाव मात्र त्याला ठाऊक नव्हते. जवळच रापणीचे जाळे आवरणाऱ्या एका वृद्ध मच्छीमाराजवळ तो गेला. प्रथम त्याने मोबाइल खाली वळविला आणि विचारले, "आबा, तुमका दाखवलंय तर चलात मां?" म्हाताऱ्याने मान डोलावली आणि सांगितले, "अरे झिला, ही मर्यादवेल. हिच्या अलीकडे दर्या येवचो नाय."

किती नेमके नाव! ही वेल भरतीच्या नेहमीच्या रेषेच्या वर वाढते आणि आपल्या लांब फांद्यांनी वाळू धरून ठेवते. शेकडो मैलांवरील एका आजींच्या प्रश्नामुळे त्या तरुणाला स्वतःच्या गावची वेल प्रथमच खऱ्या अर्थाने दिसली.

थोड्या वेळाने आम्ही मंदिराखालच्या खडकांपाशी पोहोचलो. भरती चढत होती. मंदिर नीट दिसावे म्हणून तो समुद्राकडे पाठ करून, काचेवर दृष्टी लावून एकेक पाऊल मागे सरकू लागला. मी ओरडलो, परंतु तोवर एक मोठी लाट खडकावर आदळली. त्याचा पाय शेवाळावरून घसरला. सुदैवाने त्याच्या हाती एक कपार लागली. गुडघा मात्र चांगलाच फुटला. मी त्याला वर ओढून घेतले. धापा टाकीत त्याने मोबाइलकडे पाहिले, तेव्हा काचेवर शब्द उमटत होते : "बाळा, मागे बघ! लाट येते आहे!" आजींनी लाट पाहिली होती, परंतु त्यांचा इशारा लाटेनंतर आला.

असे का झाले? मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला साधारणतः तीस चित्रे टिपतो. त्या चित्रांचे आकड्यांत रूपांतर होऊन ते आकडे लहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्याकडे व तेथून दूरच्या संगणकांकडे जातात. तेथे त्यांचे लहान लहान तुकडे केले जातात. चित्र मध्येच तुटू नये म्हणून पाहणाऱ्याचे यंत्र काही तुकडे आधी साठवून घेते व मग दाखविते. या साऱ्यात काही सेकंद जातात. आपण ज्याला 'थेट' म्हणतो ते वस्तुतः नुकतेच घडून गेलेले असते. लाट मात्र तेवढा वेळ थांबत नाही.

त्या दिवसापासून माझ्या विद्यार्थ्याने एक नियम केला आहे. काही दाखवावयाचे अथवा वाचावयाचे असल्यास तो स्थिर उभा राहतो. चालताना पायाखाली पाहतो. खडकांवर तर मोबाइल खिशात ठेवतो. यूट्यूबनेही २०२५ सालापासून, सोबत मोठे माणूस दिसत नसेल तर १६ वर्षांखालील मुलांना थेट प्रक्षेपणाची मोकळीक ठेवलेली नाही. त्यामागील हेतू तुमच्या ध्यानी येईल.

मुलांनो, दूरचे सोबती आपल्याला प्रश्न विचारू शकतात, आपल्या गावाकडे नव्याने पाहावयास शिकवू शकतात. परंतु पाय घसरला असता हात देणे त्यांच्या स्वाधीन नाही. म्हणून जगाला किनारा अवश्य दाखवावा. मात्र मर्यादवेल कोठे संपते, हे आधी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

स्वाध्याय

१. आजींच्या प्रश्नामुळे लेखकाच्या विद्यार्थ्याला कोणता लाभ झाला?
२. आजींचा इशारा उशिरा का पोहोचला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. वृद्ध मच्छीमाराशी बोलण्यापूर्वी विद्यार्थ्याने काय केले? ते का योग्य होते?
४. तुमच्या परिसरातील एका झाडाचे किंवा वेलीचे नाव वडीलधाऱ्यांना विचारा व तिच्याविषयी पाच वाक्ये लिहा.