घरच्या फोटोंची वही

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुने फोटो होते. एका फोटोत नऊवारी नेसलेली एक बाई आहे. कडेवर मूल आहे. ही बाई कोण? कोणालाच सांगता येईना. थोरल्या आत्यांना ठाऊक होते. पण त्या वारल्या. फोटो राहिला, नाव गेले.

मग आम्ही फोटोंची वही करायचे ठरवले. पहिल्या खेपेला मोठा घाट घातला. जाडजूड वही आणली. पानोपानी वेलबुट्टी काढू लागलो. चार पाने झाली आणि काम अडले. दुसऱ्या खेपेला वही साधी केली. ती आठ दिवसांत पुरी झाली.

साधी वही अशी करावी :

1. बाराच फोटो निवडा. आजा-आजीचा, लग्नाचा, मुलाबाळांचा. मोबाइलातले एक-दोन कागदावर छापून घ्या. मोबाइल बिघडला तर त्यातले फोटो जाऊ शकतात.

2. जाड, कोऱ्या कागदाची वही घ्या. एका पानावर एकच फोटो.

3. फोटोला खळ लावू नका. खळीला कसर लागते. चिकटपट्टीही नको, तिचे डाग पडतात. कागदाचे चार लहान त्रिकोणी खिसे करा. ते पानाला चिकटवा. त्यांत फोटोचे कोपरे खोचा. फोटो हवा तेव्हा निघतो.

4. फोटोखाली पानावर शिसपेन्सिलीने लिहा : नाव, नाते, गाव, साल. फोटोच्या पाठीवर दाबून लिहू नका. पुढे वळ उठतो.

साल आठवत नाही? म्हाताऱ्या माणसांना असे विचारा, "आजी, हा फोटो दुष्काळाच्या आधीचा का नंतरचा?" मोठा दुष्काळ 1972 साली पडला. कोयनेचा भूकंप 1967 साली झाला, किल्लारीचा 1993 साली. "1972 च्या आधी" एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

वही कापडात गुंडाळून ठेवा. ओल्या भिंतीजवळ ठेवू नका. पावसाळा सरला की सावलीत उघडून वारा द्या.

त्या बाईचा फोटो आम्हीही वहीत लावला आहे. खाली लिहिले आहे, "नाव माहीत नाही." तुमच्या वहीत असे पान नसावे. आपण आता लिहायला शिकलो आहोत. आजच एक फोटो घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांना विचारून एक नाव लिहा.