बाजाराची पट्टी, बाजारासाठी?

प्रश्न : जव्हारच्या बाजारपेठेत आमचे किराणा-कटलरीचे दुकान आहे. टोरंटोला राहणारा भाचा सांगत होता, की तिकडचे दुकानदार नेहमीच्या करावर आणखी एक पट्टी आपणहून लावून घेतात आणि ते पैसे फक्त त्यांच्याच रस्त्यावर खर्च होतात. हे खरे का? नेमके कशावर खर्च करतात? आणि मग आमची घरपट्टी, बाजारात बसणाऱ्यांची पावती, यांचे पुढे काय होते?
— एक दुकानदार, जव्हार

उत्तर : भाच्याचे म्हणणे खरे आहे, फक्त ‘आपणहून’ हा शब्द वगळा. एकदा क्षेत्र जाहीर झाले, की ज्याची इच्छा नाही त्यालाही पट्टी भरावी लागते, आणि सगळी मेख तिथेच आहे. ही कल्पना भाच्याच्याच शहरातली. 1960च्या दशकात टोरंटोच्या ब्लूर रस्त्याखालून भुयारी रेल्वे धावू लागली, जवळपास मॉल उभे राहिले आणि वरच्या दुकानांचे गिऱ्हाईक आटले. व्यापाऱ्यांनी आधी वर्गणी काढून पाहिली. वर्गणीचे आपल्याकडे होते तेच झाले: चार जण देतात, दिवे सगळ्यांच्या दारात लागतात. म्हणून त्यांनी कायदाच करून घेतला आणि 1970 साली ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातले पहिले ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट’ क्षेत्र ठरले. पट्टी महापालिका मालमत्ता कराबरोबर वसूल करते आणि दुकानदारांच्या मंडळाला देते. पहिला पैसा गेला रस्त्यावरचे दिवे, बाकडी, फुलझाडांच्या कुंड्या, नाताळची रोषणाई यांवर.

पुढे न्यूयॉर्क, लंडन, हॅम्बुर्ग, जोहान्सबर्ग असा हा प्रकार पसरला, पण खर्चाची यादी फारशी बदलली नाही. मोठा वाटा झाडलोट आणि राखणदारीचा. मग जाहिरात, उत्सव, सजावट आणि मंडळाच्या कार्यालयाचे पगार. इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी मतदान होते. मोजलेल्या मतांत बहुमत हवे आणि करपात्र मूल्याच्या हिशेबातही बहुमत हवे, म्हणजे दोन बड्या दुकानांनी शंभर छोट्यांना किंवा शंभर छोट्यांनी दोन बड्यांना फरफटत नेता येत नाही. शिवाय नगरपालिका आधीपासून काय काय करते याची नोंद करून ठेवतात. हेतू हा, की पट्टी सुरू झाली म्हणून पालिकेने आपला झाडूवाला काढून घेऊ नये. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही नोंदच आहे.

दुसरी बाजूही आहे. मत पट्टी भरणाऱ्याला असते. फुटपाथवर बसून विकणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, रस्त्यावर झोपणारा यांना नसते. ‘स्वच्छता’ म्हणजे कचरा उचलणे की माणसे उठवणे, हा वाद न्यूयॉर्कमध्ये 1990च्या दशकात चांगलाच पेटला होता.

आता तुमच्याकडे येऊ. महाराष्ट्रात असे क्षेत्र नेमणारा कायदा नाही. मुंबईत काळा घोडा असोसिएशनने 1998 पासून काहीसे असे काम केले, पण सक्तीच्या पट्टीवर नव्हे, प्रायोजक आणि महोत्सव यांच्या बळावर. खरे साधर्म्य शोधायचे तर कृषी उत्पन्न बाजार समितीत सापडेल. 1963च्या कायद्याने बाजार आवारातल्या व्यवहारावर फी घेतली जाते, तिचा वेगळा बाजार निधी असतो आणि तो आवाराच्या सोयींवर खर्चायचा असतो. कारभारी मंडळात शेतकऱ्यांबरोबर व्यापारी आणि हमाल-मापाडी यांचेही प्रतिनिधी बसतात. म्हणजे ‘बाजाराचा पैसा बाजारासाठी’ ही गोष्ट आपल्याकडे साठ वर्षे कायद्यात आहे. भाच्याला हेही सांगा.

जव्हार नगरपरिषद 1918 ची, संस्थानकाळातली. शेजारच्या मोखाड्याला नगरपंचायत अलीकडची. दोन्हीकडे 1965चा नगरपरिषद कायदा लागू आहे आणि त्यात पैसा एकाच नगरपरिषद निधीत जमा होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजारात बसणाऱ्यांची बैठक फी, सगळे त्या एका हंड्यात. तुमच्या रस्त्याची फी तुमच्याच रस्त्यावर खर्चावी असे बंधन नाही. त्यातून सफाई, दिवाबत्ती, पाणी, पगार, वीजबिल हे आधी भागते. तसाही छोट्या नगरपरिषदांचा गाडा स्वतःच्या करावर चालतच नाही. जकात 1999 साली गेल्यापासून सरकारी अनुदानाचीच मोठी भिस्त.

घरपट्टीच्या बिलात काही रकमा नगरपरिषदेच्या नसतातच. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषद वसूल करते, पण ते राज्य सरकारकडे जातात. रोजगार हमी कर तर बिगरनिवासी मालमत्तेवरच असतो, म्हणजे तुमच्यासारख्या दुकानांवर. दुकानदाराला तो भुर्दंड वाटतो. मला मात्र तुमच्या तालुक्यांत तोच बाजारपेठेच्या सर्वांत जवळचा कर वाटतो.

कारण टोरंटोत गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे होते, त्याला फक्त रस्त्यावर खेचून आणायचे होते. तुमचे गिऱ्हाईक वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर कुटुंबांतले. भात झोडून झाले, दिवाळी उलटली, की यांतली कितीतरी घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर निघून जातात आणि होळीला परततात. दुकानातले शुकशुकाटाचे महिने तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असतील. फुलांच्या कुंड्यांनी ते गिऱ्हाईक परत येणार नाही. गावात रोजगार हमी योजनेचे काम निघाले आणि मजुरी वेळेवर खात्यात पडली, तर तोच पैसा सुकट-बोंबील, मीठ-मिरची, चपला, मुलांचे कपडे असा तुमच्या गल्ल्यात येतो. मजुरी तीन महिने रखडली की उधारीची वही फुगते. पाण्याचेही तसेच. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. ज्या घरातली बाई दिवसभर हंड्यामागे असते ते घर बाजाराला येते कधी?

बाहेरच्या गावांचा कायदा मात्र निराळा. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे 1996च्या पेसा कायद्याने ग्रामपंचायत हद्दीतले बाजार चालवण्याचा अधिकार लोकांच्या हाती, ग्रामसभेकडे जातो. खोडाळ्यासारख्या गावी त्याचा उपयोग होऊ शकतो. जव्हार आणि मोखाडा शहराच्या हद्दीत पेसा लागत नाही. शहरांसाठीचे तसेच विधेयक 2001 साली संसदेत आले, पण आजवर मंजूर झालेले नाही. म्हणजे करवंदे विकणाऱ्या आजीला तिच्या गावच्या बाजाराबद्दल ग्रामसभेत बोलता येते, आणि तिची पाटी जव्हारच्या वेशीत शिरली की फक्त पावती फाडून घ्यायची.

तिला आधार आहे तो 2014च्या पथविक्रेता कायद्याचा. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. पन्नास वर्षांहून जुना बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करायची तरतूदही त्यात आहे. व्यापारी संघटनेने उद्या जादा पट्टीचा विचार केलाच, तर आधी ही समिती जागी करावी. नाहीतर पट्टी तुमची आणि उठाबशी तिची, असे व्हायचे.

तूर्त नवी पट्टी लावून घेऊ नका. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात बाजार फी आणि गाळेभाड्याची जमा एका ठिकाणी दिसते, बाजारावरचा खर्च मात्र आरोग्य, बांधकाम, विद्युत अशा शीर्षांत विखुरलेला असतो. गेल्या तीन वर्षांची ही जमा आणि त्याच काळात बाजारपेठेतल्या सफाई, दिवे, शौचालय, गटार यांवरचा खर्च, एवढे दोन आकडे माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात. बाजार फीचा ठेका दिला असेल तर ठेक्याची रक्कम आणि पावतीचा मंजूर दर हेही त्याच अर्जात विचारा. दर मिळाला की तो फळ्यावर लिहून बाजाराच्या तोंडाशी लावायला सांगा. पाटीवाल्या बायकांना तो आकडा सगळ्यांत आधी हवा आहे.