२१११ मधून ६१७४ का निघेना?

प्रश्न : कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करायचं, शेवटी ६१७४ येतेच, असं मुलीला शाळेत सांगितलं. तिने २१११ घेतली आणि दुसऱ्याच वजाबाकीला शून्य आलं. नियम चुकीचा आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नियम बरोबर आहे, आणि मुलीची वजाबाकीही. फक्त वाटेत एक शून्य गळलं. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात, पण इथे ते ०९९९ असे लिहायचे. एरवी डावीकडच्या शून्याने किंमत बदलत नाही, म्हणून आपण ते सोडून देतो. इथे मात्र अंकांच्या जागा बदलायच्या असतात. ते शून्य उजवीकडे गेलं की ९९९ चे ९९९० होतात. त्यातून ०९९९ वजा करा : ८९९१. पुढे ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. (चारही अंक सारखे असलेली संख्या तेवढी चालत नाही.)

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये हे शोधलं. पण सगळ्या वाटा एकाच मुक्कामी का पोचाव्यात? त्याचं उत्तर स्थानिक किमतीत आहे. सर्वांत मोठा अंक एकदा हजाराच्या घरात बसतो आणि एकदा एककाच्या; सर्वांत लहान अंकाचं बरोबर उलटं. म्हणून या दोघांतला फरक वजाबाकीत ९९९ पट होऊन उतरतो. मधले दोन अंक शतक-दशकाची अदलाबदल करतात, त्यांच्यातला फरक ९० पट होतो. बस्स, उत्तरात याखेरीज काहीही नसतं. टोकांचा फरक १ ते ९ पैकी एक. मधला शून्यापासून फार तर तेवढाच. अशा जोड्या भरतात फक्त ५४! म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. ती एकेक करून वहीत तपासता येतात, आणि कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत. ६१७४ चे अंक मांडा : ७, ६, ४, १. टोकांचा फरक ६, मधला २. ५९९४ अधिक १८०, पुन्हा ६१७४.

हे जादू म्हणून दाखवण्यापेक्षा मुलांना त्या ५४ जोड्या मोजायला लावणं मला जास्त मोलाचं वाटतं. मुलीला आता तीन अंकी संख्या द्या. तिथे मधला अंक जागचा हलत नाही, म्हणून पहिल्या वजाबाकीची उत्तरं नऊच, सगळी ९९ च्या पाढ्यातली. त्यात ०९९ चं शून्य मात्र सांभाळायचं. मुक्काम ४९५.